आंधळ्याचे दळण आणि वाट्याचा प्रश्न

आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण आपण सगळेच वापरतो. सभेत वापरतो, अग्रलेखात वापरतो, ग्रामपंचायतीच्या कारभाराला नावे ठेवताना तर हमखास वापरतो. हसण्याचा रोख आंधळ्यावर असतो. पण या म्हणीत एक कबुली दडलेली आहे. आंधळे दळते आहे. जाते फिरते आहे, वैरण पडते आहे, पीठ निघते आहे. घरातल्या भाकरीचे पीठ त्या हातांनी काढलेले आहे. त्या पिठावर हक्क कोणाचा, हा खरा प्रश्न. तो म्हणीने कुत्र्यावर ढकलून दिला आणि समाज मोकळा झाला.

आम्हा रत्नागिरीकरांना हा न्याय नवा नाही. या जिल्ह्यात कसणारा एक आणि खाणारा खोत, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते याच न्यायाविरुद्ध. त्या लढ्याचा इतिहास पुष्कळ सांगून झाला आहे. याच जिल्ह्यातल्या आंधळ्या माणसाचा इतिहास मात्र कोणी सांगितलेला नाही, दलित चळवळीनेही नाही. माझ्या मते तो इतिहास आपल्या इतिहासाचा सख्खा भाऊ आहे, आणि भावांमध्ये वाटणीचे जे होते ते इथेही झाले.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्क कोणाला नाही याची यादी आहे. त्या यादीत जन्मांध आहे, बहिरा आहे, मुका आहे, वेडा आहे. त्यांच्याच पंक्तीला पतितही आहे. पतित म्हणजे जन्माने अस्पृश्य नव्हे, पापाने जातीबाहेर टाकलेला. हा फरक नीट ध्यानात ठेवला पाहिजे, नाहीतर शास्त्री लोक आपल्याला तेवढ्यावरच पकडतात. पण जातीबाहेर टाकलेला आणि आंधळा हे दोघे एकाच श्लोकात बसवावेत असे स्मृतिकाराला वाटले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. या सर्वांना तो एकच शब्द लावतो : अनंश. ज्याला अंश नाही, वाटा नाही तो. आणि लगेच पुढच्या श्लोकात तो दयाळू होतो. अशांना जन्मभर अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पतित होतो, असे सांगतो. वाटा नाही, अन्नवस्त्र आहे. महाराला जमिनीची मालकी नाही, पण संध्याकाळी दारोदार भाकरी मागण्याचा हक्क आहे. त्याच मनाने केलेली ही तजवीज.

इंग्रजी अमदानीत न्यायालयांनी हिंदू कायदा म्हणून हाच नियम चालवला. आंधळेपण जन्मापासूनचे आणि बरे न होणारे असले पाहिजे, एवढी अट त्यांनी घातली. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. पुढच्याच वर्षी, १९२८ च्या १२ व्या कायद्याने, केवळ रोग किंवा शारीरिक व्यंग यामुळे हिंदू माणसाचा वारसाहक्क जाणार नाही असे ठरले. जन्मापासून वेडा वा मतिमंद असलेल्याला मात्र त्यातूनही वगळले होते, आणि बंगालच्या दायभाग पंथाला तो कायदा लागू नव्हता. महाडच्या आगीचा आणि या कायद्याचा कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. विधिमंडळाची चाल वेगळी असते. पण १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाचे विधेयक मांडले, तेही याच वर्षी. एकाच वर्षी आंधळ्याच्या वाट्याचा कायदा झाला आणि महाराच्या भाकरीऐवजी मोबदल्याची मागणी झाली. आपल्या इतिहासकारांनी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या असत्या तर बरे झाले असते. उरलेसुरले काम १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने केले. रोग, व्यंग वा विरूपता या कारणाने कोणीही वारस अपात्र ठरणार नाही. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

कायदा लागू असणे आणि सातबाऱ्यावर नाव लागणे यांच्यामध्ये केवढे अंतर आहे, हे मी घरात पाहिले. माझी एक आत्या आंधळी होती. मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावात, तेव्हाच्या महारवाडीत, ती चार वर्षांची असताना तिला देवी आल्या. ती वाचली, पण दोन्ही डोळ्यांत फुले पडली. तिचे लग्न झाले नाही. माझे वडील आणि चुलते मुंबईला गिरणीत होते. गावच्या घराचे दळण, कांडण, सुंभ वळणे हे तिच्याकडे होते. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी ती जात्यावर बसे. तिला दिवा लागत नाही, त्यामुळे रॉकेल वाचते, असे घरात कौतुकाने बोलले जाई. लहानपणी मलाही ते कौतुकच वाटे.

वतने खालसा करण्याचा कायदा १९५८ चा, अंमल १९५९ पासून. आमची थोडी वतनाची जमीन होती, ती पैसे भरून आजोबांच्या नावावर झाली. आजोबा १९६१ साली वारले. वारसनोंद झाली, तीन भावांची नावे लागली. तिचे लागले नाही. मुलींची नावे तशीही वगळली जात. हिच्या बाबतीत आंधळेपणाचे जास्तीचे निमित्त मिळाले. मी कॉलेजात असताना, १९७१ साली, थोरल्या काकांना याविषयी विचारले. ते म्हणाले, "आंधळीला जमीन कशाला रे? आपण खायला घालतोच ना तिला? वर्षाला दोन लुगडी घेतो." काकांनी मनुस्मृती वाचलेली नव्हती. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतल्यावर घरातले देव याच काकांनी स्वतःच्या हाताने खाडीत सोडले होते. देव गेले, पण अन्नवस्त्राचा श्लोक माळ्यावर राहिला. गंमत अशी की स्मृतीचा बहिष्कार जन्मांधापुरता होता. आत्या देवींनी आंधळी झालेली, म्हणजे निव्वळ आंधळेपणामुळे ती मनूच्या हिशेबानेही अनंश ठरत नव्हती. आमचे घर मनूपेक्षा कडक निघाले.

आत्याला मी हे सगळे समजावून सांगितले. ती म्हणाली, "मला काय करायचीय जमीन? पण कागदावर नाव असतं तर दळण ठेवायला आलेल्यानं 'बाय, ठेवू का' म्हणून विचारलं असतं. आता ठेवून जातात." ती १९८८ साली गेली. तिचे नाव लागले नाही ते नाहीच.

दलित चळवळीवर हा माझा आक्षेप आहे आणि तो मी मित्र म्हणून नोंदवतो. वाटा मागणे आपण जगाला शिकवले. घरातल्या आंधळ्या माणसाला मात्र आपण भाकरी वाढत राहिलो, आणि ती भाकरी वाढताना आपल्या चेहऱ्यावर तोच भाव होता जो महारवाड्यावर भाकरी टाकणाऱ्या पाटलिणीच्या चेहऱ्यावर असे.

देवीच्या रोगाचा इतिहासही जातीच्या वाटेनेच गेलेला आहे. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. पुढे कित्येक दशके लस बाटलीतून येत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्रव काढायचा आणि तो दुसऱ्याच्या दंडाला लावायचा, अशी ती रीत होती. ज्यांच्या दंडातून तो द्रव काढला जाई ती मुले बहुधा गरिबांची, खालच्या मानलेल्या जातींची; म्हणून वरच्या जातींची माणसे टोचून घ्यायला नकार देत. विटाळाची भीती डोळे जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी ठरली. आणि ज्यांच्या पोरांच्या दंडांनी इतरांना वाचवले त्यांच्या वाड्यांवर टोचणारा वेळेवर पोचेलच याची शाश्वती नव्हती. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदला गेला. त्यानंतर जे आंधळेपण उरले ते बरेचसे मोतीबिंदूचे, मुलांमध्ये 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाचे, म्हणजे सरळ भाषेत म्हातारपणाचे आणि उपासमारीचे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला.

शाळा तर लांबच होत्या. देशातली पहिली अंधशाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. छप्पनच्या दुष्काळानंतर, १९०० साली, अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत शाळा काढली, ती पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ ची. आमच्या बंदरातून बोटीने मुंबईला पोरगा कामाला जाई, आंधळी पोरगी शिकायला जात नसे. मंडणगड तालुक्यात घराडी येथे स्नेहज्योती हे निवासी अंध विद्यालय उभे राहिले ते २००३ साली. याच तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचे मूळ गाव. आंबडव्याला जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांनी घराडीची वाट विचारली, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

या जुन्या शाळांत शिकवत काय? गाणे, आणि वेताच्या खुर्च्या विणणे. वेत विणणे हा वाईट धंदा आहे असे मी म्हणणार नाही; बुरूड समाजाने त्यावर संसार केले. पण डोळे नसलेल्या प्रत्येकाच्या हातात, त्याचा कल न पाहता, वेताची पट्टी द्यायची, आणि तो विणू लागला की त्याचे पुनर्वसन झाले म्हणून अहवाल लिहायचा, हा जन्मावरून काम ठरवण्याचाच प्रकार झाला. वेगळ्या नावाने ही नवी बलुतेदारी होती.

इथे लुई ब्रेलची हकीकत आपल्या वाचकांना सांगितली पाहिजे, कारण ती शाळेच्या पुस्तकात अर्धीच सांगतात. ब्रेल १८०९ साली पॅरिसजवळच्या कूव्रे गावात जन्मला. बाप खोगीर आणि घोड्याचे साज शिवणारा, म्हणजे चामड्याचे काम करणारा. तीन वर्षांचा लुई बापाच्या कामाच्या जागी आरीशी खेळत होता, ती डोळ्यात गेली; जखम चिघळली आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. (तिकडे चामडे शिवणाऱ्याचा विटाळ नव्हता, म्हणून या बापाचे पोर पॅरिसच्या शाळेत जाऊ शकले. आपल्याकडच्या आरी-रापीवाल्याच्या पोराची गोष्ट वेगळी झाली असती.) त्या शाळेत आंधळ्यांसाठी पुस्तके होती, पण ती डोळसांचीच अक्षरे मोठी, उठावदार करून छापलेली. बोटांना ती वाचायला फार वेळ लागे, आणि लिहिता तर मुळीच येत नसे. ब्रेलने वयाच्या विसाव्या वर्षी, १८२९ साली, सहा टिंबांची लिपी प्रसिद्ध केली. कागदावर टोच्याने टोचून लिहायची, बोटाने वाचायची. चामडे टोचणाऱ्याच्या पोराने टोचण्यातूनच अक्षर काढले. डोळस शिक्षकांना ती पसंत पडली नाही. आंधळ्यांनी डोळसांपेक्षा वेगळी लिपी वापरली तर ते समाजापासून तुटतील, असे त्यांचे म्हणणे. फ्रान्सने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली, ब्रेल १८५२ मध्ये वारल्यानंतर. दलित लेखकाने आपल्या बोलीत लिहिले तेव्हा प्रमाण भाषेच्या रखवालदारांनी जे बोलून दाखवले, ते याहून फार वेगळे नव्हते.

आपल्याकडे १९५१ साली भारती ब्रेल ठरली. मराठीचा क, तमिळचा क, बंगालीचा क, सगळ्यांना तेच टिंब. त्याच वर्षी देहरादूनला मध्यवर्ती ब्रेल छापखाना सुरू झाला.

आता संघटनेचा प्रश्न. मराठीतले दोन प्रत्यय इथे सगळा इतिहास सांगतात : 'साठी' आणि 'ची'. विठ्ठल रामजी शिंदे यांचे डिप्रेस्ड क्लासेस मिशन १९०६ चे. ते अस्पृश्यांसाठी होते. शिंद्यांचा त्याग मोठा, त्याविषयी मी वावगा शब्द बोलणार नाही. पण अस्पृश्यांची चळवळ म्हणजे काय, ते चवदार तळ्यावर कळले. अंधांच्या बाबतीत हीच पायरी चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी आली. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेली नॅब, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, हिच्या नावातच 'साठी' आहे. तिने शाळा चालवल्या, पुस्तके छापली, माणसे नोकरीला लावली. हे काम खरे आहे. १९७० साली अंध पदवीधरांनी आपली स्वतःची संघटना काढली, तीच पुढे नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड झाली. 'साठी' गेले, 'ची' आली. देणगीदाराचे आभार मानण्याऐवजी हे लोक सरकारकडे नोकऱ्या मागू लागले. केंद्राने १९७७ साली क आणि ड वर्गाच्या नोकऱ्यांत अपंगांना ३ टक्के जागा ठेवल्या होत्या, त्यात अंधांना १. त्या भरल्या जात नव्हत्या. १६ मार्च १९८० रोजी दिल्लीत अंधांचा मोर्चा निघाला आणि पोलिसांनी त्याच्यावर लाठ्या चालवल्या. ज्यांना लाठी कुठून येते हे दिसत नव्हते त्यांच्यावर. मराठवाड्यात नामांतरावरून आपल्या वस्त्या १९७८ साली जळाल्या होत्या, ती राख अजून गरम होती. आपल्याला त्या मोर्च्याचे दुःख सर्वांत आधी कळायला हवे होते.

१९९५ च्या कायद्याने ३ टक्के जागा कायद्यात आल्या. तरी अंमलबजावणीत एक मेख राहिली. अमुक कामे आंधळ्याला जमण्यासारखी, अशी यादी सरकार करी, आणि टक्केवारी त्या यादीपुरतीच मोजली जाई. तुला काय जमेल ते आम्ही ठरवणार. या वाक्याचा वास आपल्याला ओळखीचा आहे. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेडरेशनच्याच खटल्यात सांगितले, की टक्केवारी संवर्गातल्या एकूण पदांवर मोजायची. २०१६ च्या कायद्याने ती ४ टक्के झाली. शिक्षक वाचकांनी एक गोष्ट विद्यार्थ्यांना समजावून द्यावी, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहे. अपंगांचे आरक्षण आडवे असते, जातीचे उभे. दलित अंध उमेदवार अंधांच्या जागेवर निवडला गेला, तर तो अनुसूचित जातीच्या रकान्यातच धरला जातो. अंधांचे आरक्षण दलितांच्या जागा खाते अशी कुजबुज मी आपल्याच सभांतून ऐकली आहे. ती खोटी आहे.

नावांचे राजकारण आपल्याला कोणी शिकवायला नको. रत्नागिरी शहरात १९३१ साली मंदिर उभे राहिले, भागोजीशेठ कीरांनी पैसा दिला, सावरकरांनी पुढाकार घेतला. दार सर्वांना उघडे होते हे खरे, पण नाव ठेवले पतितपावन. आत जायचे तर आधी पतित व्हायचे. मुंबई विधानसभेत १९३८ साली 'हरिजन' हा शब्द कायद्यात घातला गेला, तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेल्यावर बाबासाहेब आपल्या सभासदांसह सभागृहाबाहेर पडले. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. पुढच्या वर्षी केंद्राच्या खात्याला ते नाव लागले. अनेक अपंग संघटनांनी विरोध केला : आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला उतार पाहिजे, पुस्तक पाहिजे, नोकरी पाहिजे. महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. आंधळ्याला सूरदास किंवा प्रज्ञाचक्षू म्हणणाऱ्यांची रीतही तीच. हरीची माणसे म्हणा, दिव्य अंगाची म्हणा, पण नाव आम्ही ठेवणार.

मोजदादीचेही असेच आहे. इंग्रजांच्या जनगणनेत १८७२ पासून आंधळे, बहिरे-मुके, वेडे आणि महारोगी मोजले जात. ते १९३१ पर्यंत चालले आणि मग थांबले. सर्व जातींची मोजणीही १९३१ नंतर थांबली. अंध-अपंग १९८१ साली पुन्हा मोजले गेले, १९९१ साली नाही, मग २००१ आणि २०११ साली. २०११ ची दृष्टीदोषाची संख्या ५० लाखांच्या वर आहे. येत्या जनगणनेत जात मोजायची असे केंद्राने २०२५ साली ठरवले. आंधळा कोणाला म्हणायचे हेही सरकारच ठरवते. सहा मीटरवरून बोटे मोजता आली नाहीत तर अंध, ही व्याख्या २०१७ साली बदलून तीन मीटर झाली. एकाही माणसाला नवी दृष्टी न मिळता आंधळ्यांची संख्या कमी झाली.

यात सर्वांत जास्त चेंगरतो तो अर्धवट दिसणारा. त्याला फळ्यावरचे दिसत नाही, पण वाटेतला दगड दिसतो. शिक्षक म्हणतात आळशी, शेजारी म्हणतात सोंग करतो. प्रमाणपत्रावर ४० टक्के आले तर त्याला हक्क, ३५ आले तर काही नाही. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. तो पुढच्या बाकावर बसला की मागचे म्हणत, याला सवलत. वाडीतून आल्यामुळे त्याला हा शब्द आधीच पाठ होता.

बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी दादरला राजगृह बांधले, त्यांचे डोळे शेवटच्या वर्षांत मंदावले होते. मधुमेह होता. १९५४ च्या जून ते ऑक्टोबरपर्यंत ते अंथरुणाला खिळले होते, औषधांचा त्रास आणि दृष्टीची तक्रार दोन्ही होत्या. तरीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुरा झाला. नानकचंद रत्तू टंकलेखन करीत. आपल्या चित्रांतून, पुतळ्यांतून आपण त्यांचा चष्मा कधी विसरत नाही. चष्म्यामागच्या डोळ्यांविषयी लिहायला मात्र संकोचतो, जणू त्याने त्यांचे मोठेपण कमी होईल. आपल्या कवितेत आंधळा हा शब्द मूर्खासाठी आणि गुलामासाठी सर्रास येतो, त्यामागे हाच संकोच असावा.

शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांचे खंड, दलित आत्मकथने, कवितासंग्रह, असल्या नियतकालिकांचे अंक, हे सगळे आंधळ्या वाचकाला मिळावे यात कायद्याची आडकाठी आता नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने अंधांसाठी प्रत काढायला, ध्वनिमुद्रण करायला परवानगी लागत नाही. लागते ते वाचणारे माणूस. गेली काही वर्षे मी एका अंध विद्यार्थ्यासाठी पुस्तके वाचून मुद्रित करतो आहे. तो आपल्याच साहित्यावर प्रबंध लिहितो. पहिल्याच दिवशी त्याने मला सांगून ठेवले, "सर, भावना घालून वाचू नका. आणि प्रत्येक पान उलटलं की क्रमांक सांगा, मला संदर्भ द्यायचे असतात."